बागवानाचे फळ आणि नानबाईची भट्टी
मेढ्याच्या बाजारातून उन्हाळी फळांच्या घरगुती केकचा एक हिशेब

साताऱ्याहून मेढामार्गे महाबळेश्वरला जाणाऱ्या रस्त्यावर उन्हाळ्यात वर जाणाऱ्या गाड्यांतून पर्यटक जातात आणि खाली येणाऱ्या टेम्पोंतून स्ट्रॉबेरी येते. मेढा हे जावळी तालुक्याचे ठिकाण वेण्णेच्या काठी, केळघर घाटाच्या अलीकडे आहे. पर्यटकाला वर पोहोचायची घाई आणि मालाला पुण्या-मुंबईच्या बाजाराची घाई, त्यामुळे दोन्ही येथून पुढे निघून जातात. जो थोडा माल येथे उतरतो तो हातगाडीवर विकला जातो.

या हातगाडीचे गणित आमच्या बागवान बांधवांना सांगायला नको. सकाळी दहा वाजता जे पनेट हसतखेळत विकले जाते, त्यालाच दुपारी तीन वाजता गिऱ्हाईक नाक मुरडते. स्ट्रॉबेरीचे दहा भागांतले नऊ भाग पाणीच असते, साल नावालाच असते आणि उन्हात फळ काही तासांत मऊ पडते. संध्याकाळी उरलेला माल मिळेल त्या भावाने द्यायचा किंवा फेकायचा. सकाळचा नफा संध्याकाळी कचराकुंडीत जातो आणि हे सारे हंगाम आपण 'नशीब' म्हणून सोडून देतो.

आमचे म्हणणे असे की, यात नशिबाचा भाग थोडा आणि बेपर्वाईचा मोठा आहे. मऊ झालेले फळ सडलेले नसते. उलट ते सर्वांत गोड असते, फक्त त्याला प्रवास झेपत नाही. पाचगणीत १९५९ साली सुरू झालेल्या मॅप्रोने जॅम व सरबताच्या धंद्यात फळावरच्या प्रक्रियेचे मोल दाखवून दिले. तो मोठ्या भांडवलाचा मार्ग. आम्ही येथे लहान भांडवलाचा मार्ग मांडणार आहोत, तो म्हणजे ताज्या फळाचा घरगुती केक.

दोन धंदे, एक दुपार

आपल्या समाजात फळांचा धंदा बागवानांकडे आणि पाव-बिस्किटांचा धंदा नानबाईंकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. दोघे एकाच मोहल्ल्यात राहतात, एकाच मशिदीत नमाज पढतात, पण धंद्यात मात्र त्यांची गाठ पडत नाही. वास्तविक एकाची दुपारची अडचण हीच दुसऱ्याची दुपारची सोय आहे.

ती कशी ते पाहा. लाकडावरची भट्टी एकदा तापली की विटांमध्ये उष्णता साठते. पावाला कडक आच लागते, म्हणून पाव आधी भाजला जातो. त्यानंतर आच उतरू लागते. या उतरत्या आचेवर नानकटाई आणि टोस्ट होतात. केकलाही हीच मध्यम, स्थिर आच हवी असते, म्हणजे साधारण १८० अंश सेल्सिअस. जळण आधीच जळून गेलेले असते, ही उष्णता जवळजवळ फुकटची असते. जुने कारागीर पत्र्यावर चिमूटभर मैदा टाकून तो किती वेळात तांबूस होतो त्यावरून आच ओळखतात. मैदा लगेच करपला तर केकला अजून वेळ आहे असे समजावे.

घरून पीठ मळून नेऊन भट्टीवर नानकटाई भाजून आणण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ईदच्या आधी आपल्या घरांतून आणि दिवाळीच्या आधी शेजारच्या घरांतून डबे भट्टीवर जात. भट्टीवाला किलोमागे भाजणावळ घेई. त्याच रीतीने केकचे डबे भट्टीवर जाऊ शकतात. घरी वेगळी भट्टी किंवा महागडी ओव्हन घेण्याची गरज नाही.

मोठ्या शहरांत लाकडी भट्ट्यांचे दिवस सरत आले आहेत हेही ध्यानात घ्यावे. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. गॅस किंवा विजेच्या भट्टीत उतरती आच नसते, पण काटा १८० वर ठेवता येतो. भाजणावळीत तेवढा इंधनाचा खर्च मात्र धरावा.

केक कसा करावा

आम्ही हा केक घरी तीन वेळा केला. पहिला वरून सुरेख दिसला, पण कापल्यावर मधोमध लगदा निघाला. कारण उघड होते. फळाचे पाणी आम्ही मोजलेच नव्हते. दुसरा शिजला, पण स्ट्रॉबेरीचे तुकडे करड्या-जांभळ्या रंगाचे झाले, कारण आम्ही खाण्याचा सोडा सढळ हाताने घातला होता. स्ट्रॉबेरीचा लाल रंग आंबटपणात टिकतो आणि सोड्याने बिघडतो. तिसरा केक जमला. त्याचे प्रमाण पुढे देत आहोत.

आठ इंची डब्यासाठी मैदा २२५ ग्रॅम, लोणी १५० ग्रॅम, पिठीसाखर १७५ ग्रॅम, अंडी ३, बेकिंग पावडर २ लहान चमचे (सपाट), दूध ५० मिलिलिटर, मीठ चिमूटभर आणि स्ट्रॉबेरी २५० ग्रॅम घ्यावी.

फळ आधी धुवावे, मग देठ काढावा. देठ आधी काढला तर फळात पाणी शिरते. डागी भाग कापून टाकावा. बुरशी आलेले फळ मात्र कापून वापरू नये, पूर्ण फेकावे. फळाच्या बोटाच्या पेराएवढ्या फोडी कराव्यात, त्यांवर एक मोठा चमचा साखर भुरभुरावी आणि वीस मिनिटे चाळणीत ठेवाव्यात. खाली जो रस गळेल तो फेकू नये. मंद आचेवर आटवून तो केकवर लावण्यासाठी ठेवावा. फोडी फडक्यावर टिपून दोन चमचे मैद्यात घोळवाव्यात, म्हणजे त्या तळाशी बसत नाहीत.

लोणी व साखर एका दिशेने फेसावी. मिश्रण पांढुरके व हलके झाले पाहिजे. येथे कंटाळा केला तर पुढे पावडर कितीही घाला, केक जड होतो. अंडी एकेक करून घालावीत. ती थंडगार असली तर मिश्रण फाटते, म्हणून तासभर आधी बाहेर काढून ठेवावीत. मैदा, पावडर व मीठ दोनदा चाळून थोडे थोडे घालावे, मधून दूध घालावे. मैदा घातल्यावर जोराने घोटू नये, केक चिवट होतो. शेवटी फोडी हलक्या हाताने मिसळाव्यात.

डब्याला लोणी लावून कागद बसवावा आणि डबा दोनतृतीयांश भरावा. पाऊणतासाच्या सुमारास मधोमध सुरी घालून पाहावी. सुरी फळाच्या फोडीत गेली तर ओली निघणारच, म्हणून दोन-तीन ठिकाणी पाहावे. वर महाबळेश्वरात हा केक करणाऱ्यांनी पावडर थोडी कमी घ्यावी. सुमारे १,३५० मीटर उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने केक भरभर फुगतो आणि मग बसतो.

केक गरम असताना डब्यात बंद करू नये. वाफ आत कोंडते आणि दुसऱ्या दिवशी बुरशी धरते. ताज्या फळाचा केक उन्हाळ्यात बाहेर एक दिवस, शीतपेटीत तीन दिवस, त्यापुढे विकू नये.

स्ट्रॉबेरी मुख्यतः डिसेंबर ते एप्रिलची. ती संपली की आंबा येतो. आंब्याचा रस आटवून घ्यावा, फोडी घट्ट फळाच्या घ्याव्यात. फणस कापा असावा, बरका नको. पिकलेली करवंदे व जांभळे शिजवून, गाळून, त्यांचा गर आटवून घालावा. म्हणजे डिसेंबर ते जून असा सहा-सात महिन्यांचा धंदा होतो.

हिशेब

भाव दररोज बदलतात. पुढील आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत, वाचकांनी आपापले घालावेत.

समजा, फळ २५ रुपये, लोणी ८५, अंडी २१, मैदा १०, साखर ९, दूध-पावडर ८, खोका व कागद १५, भाजणावळ २०. एकूण १९३ रुपये. केक साधारण ८५० ग्रॅम उतरेल. तो ३२५ रुपयांना विकला तर १३२ रुपये सुटले असे वाटते. येथेच बहुतेक घरगुती धंदे फसतात. घरातील बाईने तासभर फेसले, भाजून आणले, त्याची मजुरी कुठे आहे? ती ५० रुपये धरली तर उरले ८२. विकल्या गेलेल्या दर दहा केकमागे एक केक विकला जाणार नाही, त्याचे प्रत्येकी २४ रुपये गेले. उरले ५८. हा खरा नफा. रोजचे सहा केक गेले तर ३४८ रुपये, आणि मजुरीचे ३०० वेगळे.

मजुरीचे हे ३०० रुपये ज्या बहिणीने काम केले तिच्या हातात पडले पाहिजेत. घरचेच काम म्हणून ते हिशेबात न धरणे ही चूक आहे. शरिअतने स्त्रीच्या कमाईवर तिचा स्वतःचा हक्क मानला आहे, हे आपण व्याख्यानात सांगतो, वहीत मात्र लिहीत नाही.

भांडवल आणि भागीदारी

केंद्र सरकारने २०२० साली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना सुरू केली. तिच्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठेवले गेले. परंतु हे अनुदान बँकेच्या कर्जाला जोडलेले आहे आणि व्याजामुळे अनेक बांधव तिकडे वळत नाहीत. त्यांना आम्ही सांगू इच्छितो की, या धंद्याला सुरुवातीला कर्ज लागतच नाही. डबे, काटा, चाळणी आणि आठवड्याचा कच्चा माल एवढेच भांडवल. फळवाल्याने फळ द्यावे, बहिणींनी मेहनत द्यावी, भट्टीवाल्याने आच द्यावी आणि नफा ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यावा. प्रमाण आधी ठरले पाहिजे. 'महिन्याला इतके रुपये नक्की' असा करार भागीदारीत बसत नाही. तोटा झाला तर तो भांडवलाच्या प्रमाणात. आणि हे सर्व लिहून ठेवावे. कुरआनातील सर्वांत मोठी आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. तरीही भावाभावांतील भागीद‍ाऱ्या तोंडी ठरतात आणि तोंडावरच मोडतात.

कायदा आणि हलाल

विक्रीसाठी खाद्यपदार्थ करणाऱ्याला, तो घरी करत असला तरी, अन्नसुरक्षा नोंदणी घ्यावी लागते. तिचा १४ अंकी क्रमांक खोक्यावर छापावा. घटक, वजन, तारीख, किंमतही लिहावी. अंडी घातली असतील तर तपकिरी खूण लावावी. बिनअंड्याचा केक मागणारे गिऱ्हाईक आपल्या भागात पुष्कळ आहे. त्यासाठी दही-दूध वापरून वेगळा केक करता येतो, पण भांडीही वेगळी ठेवावीत. दुसऱ्याच्या पथ्याचा मान राखणे हाही व्यापारातील अमानतीचाच भाग आहे. केकवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला.

आपल्या गिऱ्हाइकासाठी एसेन्सची बाटली वाचून घ्यावी. काही एसेन्स अल्कोहोलमध्ये बनवलेले असतात. लाल रंगासाठी १२० क्रमांकाचा कोचिनील वापरतात, तो किड्यांपासून मिळतो. चकाकीसाठीचे जिलेटिन कशाचे आहे हे विचारावे. खरे म्हणजे ताजे फळ असताना यांतले काहीच लागत नाही. वासाला वेलची पुरे, रंगाला आणि चकाकीला आटवलेला रस पुरे.

ईदचा हंगाम

एक गोष्ट आमच्या व्यापाऱ्यांच्या नजरेतून सुटली आहे. ईदुल फित्र २०२४ साली ११ एप्रिलला आणि २०२५ साली ३१ मार्चला आली. ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०३० साली ती फेब्रुवारीच्या सुरुवातीला येईल. म्हणजे २०३० नंतरही काही वर्षे ईद स्ट्रॉबेरीच्या हंगामातच येणार आहे. शीरखुर्म्याची जागा कोणी घेणार नाही, घेऊही नये. पण ईदच्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जे डबे जातात, त्यांत बाहेरून आणलेल्या मिठाईबरोबर मोहल्ल्यात भाजलेला केक का नसावा?

शेवटी एक इशारा. फळाच्या खोक्यात वर मोठी, लाल फळे आणि खाली चेपलेली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. केकमध्ये तर फळ आतच असते, गिऱ्हाइकाला दिसत नाही. एकदा बाजारात धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतले धान्य ओले लागले, तेव्हा हजरत पैगंबरांनी (स.) विक्रेत्याला ते ओले धान्य वर, लोकांना दिसेल असे ठेवायला सांगितले होते. मऊ फळ वापरणे हा दोष नाही. सडके फळ मैद्यात लपवणे हा दोष आहे, आणि तो गिऱ्हाईक ओळखो न ओळखो, रोजीतली बरकत त्याने जाते. उद्या दुपारी तीन वाजता गाडीवर फळ उरले तर फेकण्याआधी भट्टीवाल्या भावाशी दोन शब्द बोलून पाहावेत, एवढीच आमची विनंती आहे.