निवेदकाचा आवाज आणि डिजिटल यंत्र

ध्वनिक्षेपण केंद्रावरून निवेदकाचा आवाज घरोघरीं पोंचतो तो जसाच्या तसा पोंचतो, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः मायक्रोफोनपासून प्रक्षेपकापर्यंतच्या वाटेवर त्या आवाजावर चांगले पांचसहा संस्कार घडतात. मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, त्या काळांत जगांतील केंद्रांवर हें काम मुख्यतः माणसाच्या हातानें चाले. कांट्यावर नजर ठेवून बसलेला अभियंता आवाज चढला कीं बटण मागें घेई आणि उतरला कीं पुढें करी. पुढें हें काम विजेच्या यंत्रांकडे गेलें, आणि आज अनेक ठिकाणीं तें डिजिटल व्हॉईस प्रोसेसर नांवाच्या, सुमारें साडेचार सेंटिमीटर उंचीच्या एका चपट्या पेटीकडे आहे. पेटी विकत घेणें सोपें आहे. ती लावणें मात्र समजून करावयाचें काम आहे. कारण चुकीची लावलेली पेटी आवाज नुसता बिघडवीत नाहीं, प्रसंगीं वाक्याचा अर्थहि फिरविते.

डिजिटल म्हणजे अंकांत मांडलेला. आवाज ही हवेंतील लाट. मायक्रोफोन तिची विजेची लाट बनवितो, आणि यंत्र त्या लाटेची उंची एका सेकंदांत बहुधा ४८,००० वेळां मोजून प्रत्येक माप आंकड्याच्या रूपानें टिपून ठेवतें. ही कल्पना अ‍ॅलेक रीव्ह्‌ज या इंग्रज अभियंत्यानें पॅरिसमध्यें काम करीत असतां १९३७ मध्यें मांडली. इतक्या वेळां कां मोजावयाचें, तर लाट पुन्हां जशीच्या तशी उभी करावयाची असल्यास तिच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळां माप घ्यावें लागतें, आणि मनुष्याच्या कानाची मर्यादा सेकंदास सुमारें २०,००० कंपनांची आहे. एकदां आवाजाचे आंकडे झाले, कीं पुढील सर्व संस्कार म्हणजे निव्वळ गुणाकार आणि बेरजा.

परंतु गणित कितीहि चोख असलें तरी खोलींतील पंख्याची घरघर त्याला निवेदकाच्या आवाजापासून पूर्णपणें वेगळी काढतां येत नाहीं. म्हणून यंत्राच्या आधीं खोली पाहावी, मग मायक्रोफोन. तो तोंडापासून दहापंधरा सेंटिमीटरांवर, पण अगदीं समोर नव्हे तर किंचित् बाजूस ठेवावा. म्हणजे प, फ, भ या अक्षरांचा श्वास त्यावर थेट आदळत नाहीं. मायक्रोफोन कंडेन्सर जातीचा असल्यास त्याला यंत्रांतूनच ४८ व्होल्टांचा पुरवठा द्यावा लागतो; तो चालू करतांना ध्वनीचें बटण खालीं असावें, नाहीं तर कर्ण्यांतून मोठा धक्का बसतो.

त्यानंतर येणाऱ्या आवाजाची पातळी लावावयाची. येथें निवेदकाकडून वन, टू, थ्री म्हणवून घेण्याची जी प्रथा आहे ती निरुपयोगी होय; आंकडे म्हणतांना कोणीच बातमी वाचल्यासारखें बोलत नाहीं. त्याच्या हातांत खरी संहिता द्यावी आणि ती खऱ्या आवेशानें वाचावयास सांगावी. त्या वाचनांतील उंच शिखरें शून्याच्या खालीं सुमारें १२ डेसिबेलवर राहावींत. डिजिटल यंत्रांत शून्य ही छत आहे, तिच्यावर जागाच नाहीं. त्यापुढें गेलेल्या लाटेचा माथा सपाट कापला जातो, आणि नंतर कोणताहि संस्कार केला तरी आवाजाचा मूळ घाट पूर्णपणें परत येत नाहीं.

पहिला संस्कार साधा आहे. सुमारें ८० कंपनांच्या खालचें सर्व कांहीं गाळून टाकावें. पुरुषाच्या सामान्य बोलण्याचा मूळ स्वर बहुधा शंभराच्या वर असतो, तेव्हां यांत टेबलाचा ठोका व रस्त्यावरील वाहनांचा घुमारा एवढेंच जातें.

दुसरा संस्कार गेटचा. गेट म्हणजे दार. आवाज ठराविक पातळीच्या खालीं उतरला कीं हें दार लागतें, आणि दोन वाक्यांमधील शांततेंत पंख्याची घरघर ऐकूं येत नाहीं. सोय उत्तम आहे. पण मराठी बोलण्यांत धोका आहे तो येथेंच. आपल्या भाषेंत क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें, आणि नकार तर त्याच्याहि शेवटीं. वाक्य संपतांना श्वास संपत आलेला असतो, आवाज खालीं उतरतो, आणि नेमका त्याच क्षणीं दार लागतें. ‘उद्यां शहराच्या पूर्व भागांत पाणी येणार नाहीं’ या वाक्यांतील शेवटचा शब्द दारांत अडकला, तर श्रोत्याच्या कानीं काय पडतें तें सांगावयास नको. इंग्रजींत नकार बहुधा वाक्याच्या मध्यावर, आवाजांत जोर असतांना येतो. मराठी वाचणाऱ्याला तो आसरा नाहीं. यास्तव यंत्रासोबत आलेलीं तयार मापें तशींच स्वीकारूं नयेत.

दार लावण्याची पद्धत अशी. ‘नाहीं’नें संपणारीं दहा वाक्यें लिहून काढावींत, आणि दमल्यावर माणूस जसा वाचतो तशी तीं वाचून घ्यावींत. दाराची पातळी प्रथम अगदीं खालीं ठेवून हळूहळू वर चढवावी. ज्या ठिकाणीं शेवटच्या ‘हीं’ला किंचित् धक्का लागतो तेथें थांबावें, आणि मग तीनचार डेसिबेल मागें यावें. शिवाय दार पूर्ण बंद होऊं देऊं नये. शांततेंतील आवाज सहा ते दहा डेसिबेलनें खालीं गेला तरी पुरे. उघडण्यास वेळ जवळजवळ लागूं नये, पण मिटण्यास पाव सेकंद तरी लागावा. थोडी घरघर राहिली तर श्रोता ती क्षमा करतो.

तिसरा संस्कार कंप्रेसरचा, म्हणजे आवाजाचे चढउतार आवरण्याचा. त्याचें प्रमाण तीनास एक ठेवलें, तर ठरविलेल्या पातळीच्या वर १२ डेसिबेल गेलेला आवाज बाहेर पडतांना चारच डेसिबेल वर असतो. त्यानंतर सर्वच आवाज थोडा वर उचलला कीं कुजबुज आणि जोराचा उच्चार दोन्हीं स्वयंपाकघरांतल्या रेडिओवर समजतात. चार ते सहा डेसिबेल आवरणें पुष्कळ झालें. त्याहून अधिक आवळल्यास निवेदकाचा प्रत्येक श्वास शब्दाएवढा मोठा होतो, आणि उचलीबरोबर ती घरघरहि पुन्हां डोकें वर काढते. यास्तव कंप्रेसर बदलला कीं दहा वाक्यांची परीक्षा पुन्हां घ्यावी.

चौथा संस्कार सकाराचा. स, श, त्याचप्रमाणें ‘चमचा’तील दंत्य च आणि ‘जग’मधील दंत्य ज, यांची शीळ साधारणपणें ५,००० ते ८,००० कंपनांच्या पट्ट्यांत असते. एफ. एम. प्रक्षेपणांत उंच स्वर मुद्दाम वाढवून धाडतात आणि ग्राहकयंत्र ते तितकेच उतरवितें. त्यामुळें स्टुडिओंत सुसह्य वाटणारा सकार प्रक्षेपकावर टोंचूं लागतो. डी-एसर नांवाचा भाग तेवढाच पट्टा क्षणापुरता दाबतो. तो जास्त दाबल्यास निवेदक बोबडा वाटतो, आणि ‘सार’ व ‘चार’ यांतील भेद बोथट होतो.

स्वरांची चढउतार, ज्याला इक्वलायझर म्हणतात, त्याविषयीं थोडक्यांतच सांगितलेलें बरें, कारण नवशिके तेथेंच सर्वांत अधिक वेळ घालवितात. मायक्रोफोनजवळ तोंड नेल्यानें आलेला फाजील खर्ज थोडा कमी करावा, स्पष्टतेसाठीं ३,००० कंपनांच्या आसपास दोन डेसिबेल द्यावे, आणि हात काढून घ्यावा.

आंकड्यांच्या हिशोबास कांहीं सहस्रांश सेकंद लागतात. श्रोत्याला त्याचें कांहीं नाहीं. पण निवेदक स्वतःचा आवाज हाडांतून तत्काळ ऐकतो आणि कानांवरील श्रवणयंत्रांतून किंचित् उशिरां, आणि दोन्हीं मिसळून आवाज पोकळ भासतो. तो बिचारा मग आपलाच घसा बिघडला असें समजून जोर लावूं लागतो. शक्य असेल तेथें त्याच्या कानीं संस्कारापूर्वींचा आवाज द्यावा.

संस्कारित व मूळ आवाज यांची तुलना करण्यासाठीं यंत्रावर बायपासचें बटण असतें. तें दाबण्यापूर्वीं दोन्हीं आवाज सारखेच मोठे करून घ्यावेत. कानाला मोठा आवाज नेहमींच चांगला वाटतो, आणि या फसवणुकींत जाणतेहि सांपडतात. प्रत्येक निवेदकाचीं मापें यंत्राच्या स्मृतींत त्याच्या नांवानें वेगळीं ठेवावींत, आणि पाळी बदलली कीं तींहि बदलावींत. प्रक्षेपकापाशीं बहुधा आणखी एक असेंच यंत्र असतें; तेंहि आवाज आवळतें, म्हणून स्टुडिओंतल्या यंत्रानें हात राखूनच काम करावें. शेवटची परीक्षा स्टुडिओच्या मोठ्या कर्ण्यांवर न घेतां, केंद्राबाहेर ठेवलेल्या एखाद्या लहानशा रेडिओवर घ्यावी, आणि तीं दहा वाक्यें कागद हातांत नसलेल्या माणसाकडून लिहवून घ्यावींत.