एक सभासद, एक मत : मिलानच्या लोकबँकेची दीडशे वर्षे

व्हेनिसवर ऑस्ट्रियाचा अंमल असताना लुइजी लुत्सात्ती या तरुणाने गोंडोला चालवणाऱ्या नावाड्यांसाठी परस्पर साहाय्य मंडळी काढायचा घाट घातला. पोलिसांना त्यात राजकारणाचा वास आला आणि लुत्सात्तीला गाव सोडावं लागलं. तो मिलानला आला. तिथे 12 डिसेंबर 1865 रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने ‘बांका पोपोलारे दि मिलानो’ ही सहकारी बँक उभी केली. इटलीतली पहिली लोकबँक आदल्याच वर्षी जवळच्या लोदीत निघाली होती. तिच्यामागेही त्याचेच विचार होते.

मूळ कल्पना जर्मनीतल्या शुल्झे-डेलिच यांची. त्यांच्या पतसंस्थांत सभासदांची जबाबदारी अमर्यादित असे. संस्था बुडाली तर घरदारही पणाला लागे. लुत्सात्तीने ही जबाबदारी घेतलेल्या भागापुरती मर्यादित केली. त्यामुळे धास्ती न बाळगता छोटा दुकानदार आणि कारागीरही सभासद होऊ शकला. दुसरा नियम त्याहून मोलाचा : भाग कितीही असोत, मत एकच.

युरोपातल्या या प्रयोगांचे पडसाद आपल्याकडेही उमटले. 1889मध्ये बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ सुरू झाली आणि 1906मध्ये पुण्यात कॉसमॉस. तिकडे लुत्सात्ती 1910मध्ये इटलीचा पंतप्रधान झाला. पुढे माजी अर्थमंत्री फिलिप्पो मेदा मिलानच्या बँकेचे अध्यक्ष झाले. बँकेचं मुख्यालय ज्या चौकात आहे, त्याला आज त्यांचंच नाव आहे.

बँक वाढली, शेअर बाजारात गेली, पण मताचा नियम तोच राहिला. सभासद हजारोंनी वाढले आणि सभेला येणारे मात्र मोजकेच उरले. हमखास येणारे म्हणजे बँकेचे आजी-माजी कर्मचारी. त्यांचीही बँकेत भागीदारी होती आणि त्यांची भक्कम संघटना होती. कमी भांडवलाच्या जोरावर संचालक मंडळ कोणाचं, हे तीच ठरवू लागली. आपल्याकडच्या बँकांच्या वार्षिक सभा पाहिलेल्यांना ‘पॅनेल’चं हे गणित समजावून सांगायला नको. 2011मध्ये बँक ऑफ इटली या मध्यवर्ती बँकेने या वर्चस्वावर बोट ठेवलं आणि कारभाराची घडी बदलायला लावली. नव्या व्यवस्थापनाचे प्रमुख आंद्रेआ बोनोमी यांनी बँकेला भागभांडवली कंपनी, म्हणजे जितके भाग तितकी मतं, करण्याचा प्रयत्न केला. तो फसला आणि 2013मध्ये ते पायउतार झाले.

बँकेत जे फसलं, ते सरकारने कायद्याने केलं. 2015मध्ये पंतप्रधान रेन्झी यांच्या सरकारने फर्मान काढलं : 8 अब्ज युरोंहून अधिक मालमत्ता असलेल्या लोकबँकांनी 18 महिन्यांत कंपनी व्हावं. अशा दहा बँका होत्या. त्यातल्या काहींनी सरकारला कारणही दिलं होतं. व्हिचेंझाच्या लोकबँकेने स्वतःचेच शेअर घ्यायला ग्राहकांना कर्जं दिली होती. एके काळी साडेबासष्ट युरोंना विकलेला तो शेअर 2016मध्ये दहा सेंटवर आला आणि हजारो कुटुंबांची पुंजी गेली.

15 ऑक्टोबर 2016ला मिलानच्या सभासदांनी व्हेरोनाच्या ‘बांको पोपोलारे’शी विलीनीकरणाला मंजुरी दिली. विरोधात निवृत्त कर्मचाऱ्यांचा आवाज मोठा होता, तरी सुमारे 71 टक्के मतं बाजूने पडली. 1 जानेवारी 2017पासून ‘बांको बीपीएम’ ही कंपनी अस्तित्वात आली. व्हेरोनाच्या बँकेत लोदीची बँक 2007मध्येच सामावली होती. म्हणजे लुत्सात्तीच्या प्रेरणेची ही दोन्ही रोपं एकाच कंपनीत विरली. फरक पुढे दिसला. पूर्वी पैशाच्या बळावर ही बँक ताब्यात घेणं कोणालाच शक्य नव्हतं. 2024मध्ये मात्र युनिक्रेडिट या बड्या बँकेने सरळ बोली लावली. ती पुढच्या वर्षी मागे घेतली गेली, ही गोष्ट वेगळी.

तत्त्व मात्र संपलेलं नाही. 1883मध्ये लेओने वोल्लेम्बोर्ग यांनी पाडुआजवळच्या लोरेज्जा गावात ग्रामीण पतपेढी काढली. त्या परंपरेतल्या छोट्या बँका 2019पासून मोठ्या गटांच्या छत्राखाली आल्या, तरी तिथे माणशी एक मत शाबूत आहे. मिलानचा इतिहास हेच सांगतो की एक मताचा नियम कागदावर टिकवणं सोपं असतं. मत द्यायला येणारा सभासद टिकवणं अवघड; तो घरी बसला की बँक आधी गटाची होते आणि मग भांडवलाची.