स्पीडवे विश्वचषक : वैयक्तिक शर्यतीचे सांघिक रूप

प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज औद्योगिक वसाहतीत बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि दुचाकी वाहन हे या शहराच्या अर्थकारणाचे एक प्रमुख अंग बनले. मात्र दुचाकी निर्माण करणाऱ्या या शहराला दुचाकीच्या क्रीडाप्रकारांचा परिचय तुलनेने अल्पच आहे. मोटारसायकल शर्यत म्हणजे डांबरी रस्त्यावरील वेग आणि विजय म्हणजे एकट्या स्वाराचा विजय, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. स्पीडवे हा प्रकार या दोन्ही समजुतींना छेद देतो. तो मातीवर खेळला जातो आणि त्याच्या सांघिक स्पर्धेत सर्वप्रथम आलेला स्वारही पराभूत संघात असू शकतो. हे कसे घडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

खेळाचे तंत्र

ऑस्ट्रेलियातील मेटलंड येथे १९२३ मध्ये झालेल्या शर्यतींपासून या खेळाचा आरंभ सामान्यतः मानला जातो, यद्यपि त्याविषयी मतभेद आहेत. १९२८ मध्ये तो इंग्लंडमध्ये पोहोचला आणि पुढे पोलंड, स्वीडन व डेन्मार्क या देशांत चांगलाच रुजला. धावपट्टी अंडाकृती असून तिची लांबी साधारणतः २६० ते ४२५ मीटर असते. एका शर्यतीत चार स्वार घड्याळाच्या विरुद्ध दिशेने चार फेरे घेतात. शर्यत जेमतेम एका मिनिटात संपते.

मोटारसायकल ५०० सीसी क्षमतेची, एका सिलिंडरची व मिथेनॉलवर चालणारी असते. तिला गिअर एकच असतो आणि ब्रेक मुळीच नसतो. ब्रेक नसणे हा प्रथमदर्शनी वेडेपणा वाटतो. परंतु पुढच्या स्वाराने अचानक वेग कमी केल्यास मागून येणारे त्याच्यावर आदळतील, हा धोका त्यामुळे टळतो. वळणावर स्वार मागचे चाक मुद्दाम बाहेरच्या बाजूस घसरू देतो, पुढचे चाक वळणाच्या उलट दिशेस फिरवतो आणि पोलादी तळ बसविलेला डावा पाय जमिनीवर टेकवतो. घसरणे हेच येथे वळण्याचे साधन होय. या मोटारसायकलींच्या निर्मितीत जावा हे नाव महत्त्वाचे आहे. चेक प्रदेशातील दिविशोव्ह येथील एसो हा कारखाना १९६४ मध्ये जावामध्ये विलीन झाला. भारतात म्हैसूरच्या आयडियल जावामुळे घरोघरी परिचित झालेले नाव ते हेच.

खेळ धोकादायक आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. ब्रिटनच्या संघाकडून विश्वचषकात उतरलेला ली रिचर्डसन २०१२ मध्ये पोलंडमधील व्रोत्सवाफ येथे लीग सामन्यातील अपघातानंतर मरण पावला. वळणांवर हवेने भरलेले संरक्षक कुंपण आणि स्वार पडताच इंजिन बंद करणारी, मनगटास बांधलेली दोरी या गोष्टी म्हणूनच अनिवार्य ठरतात.

सांघिक स्पर्धा आणि गुणांचे गणित

जागतिक सांघिक करंडक स्पर्धा १९६० मध्ये स्वीडनमधील गोटेबोर्ग येथे सुरू झाली आणि पहिले विजेतेपद यजमानांनीच मिळविले. २००१ पासून तिची जागा स्पीडवे विश्वचषकाने घेतली. स्वीडनचा पाच वेळचा वैयक्तिक विश्वविजेता ओव्हे फुंडिन याचे नाव विश्वचषकाच्या करंडकास देण्यात आले. २००१ ते २०१७ या काळात पोलंडने आठ वेळा आणि २०२३ मध्ये व्रोत्सवाफ येथे नवव्यांदा विश्वचषक जिंकला.

अंतिम सामन्यात चार देश असतात व प्रत्येक शर्यतीत प्रत्येक देशाचा एक स्वार उतरतो. पहिल्यास ३, दुसऱ्यास २, तिसऱ्यास १ गुण मिळतो, शेवटच्यास शून्य. चार स्वारांच्या संघांत वीस शर्यती होतात आणि सर्व स्वारांच्या गुणांची बेरीज म्हणजे संघाचे गुण. या पद्धतीत धावपट्टीवर सहकारी नसतोच. संघ अस्तित्वात असतो तो केवळ गुणपत्रकावर. तरीही तिसऱ्या व चौथ्या क्रमांकासाठीची, प्रेक्षकांना बहुधा क्षुल्लक वाटणारी झुंज निर्णायक ठरू शकते. २०१४ मध्ये पोलंडमधीलच बिद्गोश्च येथे डेन्मार्कने ३८ विरुद्ध ३७ अशा एका गुणाच्या फरकाने यजमानांना हरविले. वीस शर्यतींत कोठेतरी तिसरा येण्याऐवजी चौथा आलेला एक स्वार एवढाच तो फरक होता.

२०१८ मध्ये ‘स्पीडवे ऑफ नेशन्स’ ही जोड्यांची स्पर्धा सुरू झाली. तीत एका शर्यतीत दोन देशांचे प्रत्येकी दोन स्वार समोरासमोर येतात. पुढे तिच्यात ४, ३, २ व ० अशी गुणपद्धती स्वीकारण्यात आली. जुन्या पद्धतीत पहिला व शेवटचा यांची बेरीज आणि दुसरा व तिसरा यांची बेरीज सारखीच, म्हणजे ३, होत असे. नव्या पद्धतीत पहिल्या जोडीला ४, तर दुसरीला ५ गुण मिळतात. २०२१ मध्ये मँचेस्टर येथे निर्णायक शर्यतीत पोलंडचा बार्तोश झ्मार्झलिक पहिला आला. परंतु त्याचा साथीदार शेवटी राहिला आणि ब्रिटनच्या दोघांनी मधले दोन क्रमांक घेतले. विजेतेपद ब्रिटनला मिळाले, तेही १९८९ मधील इंग्लंडच्या यशानंतर प्रथमच. एकट्याच्या पराक्रमापेक्षा जोडीची साथ मोठी, हे नियमातच लिहून ठेवल्याने आघाडीवरील स्वारालाही मागे वळून साथीदाराची स्थिती पाहणे भाग पडते. सांघिकतेच्या दृष्टीने ही पद्धती विश्वचषकाहून सरस मानावी लागेल.

महाराष्ट्रातील निकटचा प्रयोग

या विजेत्यांच्या यादीत भारत नाही. मात्र मातीवरील मोटारसायकल शर्यतीला सांघिक रूप देण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्रात झाला आहे. २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यातील बालेवाडी क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. सुपरक्रॉस हा उंचवटे व उड्यांचा प्रकार असल्याने तो स्पीडवेहून वेगळा आहे. येथील सहा संघही देशांचे नव्हते, तर मालकांचे होते. परंतु एकाच संघात परदेशी स्वार, भारत व आशियातील स्वार आणि ८५ सीसी गटातील कुमार स्वार एकत्र होते, ही बाब लक्षणीय आहे.

डांबरी शर्यतमार्ग भारतात मोजकेच असून चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई, कोईम्बतूर व ग्रेटर नोएडा ही त्यांची प्रमुख ठिकाणे मराठवाड्यापासून दूर आहेत. अशा मार्गाला काही किलोमीटर लांबीची जागा लागते. स्पीडवेची धावपट्टी मात्र ४०० मीटरच्या धावण्याच्या मैदानाएवढ्या जागेत मावते आणि बालेवाडीत तर मैदानात माती टाकून मार्ग तात्पुरता तयार करण्यात आला होता.