एकोणनव्वद की नवासी?

रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातल्या मराठी घरात वाढणाऱ्या मुलाला ८९ दोन वाटांनी भेटतो. आजीचा 'एकोणनव्वद' वरून उतरतो: नव्वदातून एक काढ. शाळेतल्या हिंदीचा 'नवासी' खालून चढतो: ऐंशीवर नऊ ठेव. आकडा तोच!

बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पंचवीसच्या जोडीला 'वीस पाच' दिलं, तेव्हा मंगला नारळीकरांच्या समितीची केवढी टिंगल झाली. मला तर त्यांचं पटलं होतं. लिहिताना २ आधी आणि बोलताना पाच आधी, ही कसरत आपणच पोरांच्या गळ्यात बांधलेली.

पण हे झालं शब्दांचं अडखळणं. डिसकॅल्क्युलिया, म्हणजे संख्यांची जाणच कच्ची असणं, त्याच्याही तळाशी असतो.

बूढ़ा तालाबच्या घाटावर तीन पारवे बसलेत असं समजा. तुम्ही ते मोजत नाही. ते तीनच दिसतात. साधारण चारपर्यंत असं होतं, पुढे नजर अडखळते आणि मोजणी सुरू होते. त्याहून मोठ्या संख्यांचा ढोबळ अंदाजही आपण जन्मतः घेऊन येतो. चार आवाज आणि बारा आवाज यांतला फरक अवघ्या काही दिवसांच्या, 'एक'सुद्धा न ऐकलेल्या तान्ह्या बाळांनाही जाणवतो! ही 'किती'ची जाण मेंदूच्या वरच्या-मागच्या भागातल्या एका खोल घडीशी जोडलेली आहे. भाषेचं बिऱ्हाड बरंचसं दुसरीकडे. रायपुरात शिकलेले हरिनाथ डे ३४ भाषांचे जाणकार म्हणून ओळखले जातात. पण कुणाच्या जिभेवर कितीही भाषा नाचल्या, तरी त्यावरून त्याच्या 'किती'चा अंदाज बांधता येत नाही.

संख्यांच्या जाणिवेचे अभ्यासक, लंडनचे ब्रायन बटरवर्थ यांनी मानसशास्त्राचा एक पदवीधर तपासला. हुशार माणूस, पण दोन-तीन ठिपकेही तो एकेक करून मोजायचा. अशा मुलाला आपण 'लक्ष देत नाही' म्हणतो आणि पाढे घोकायला बसवतो. पाया डुगडुगत असताना वर मजले चढवायचे! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिसकॅल्क्युलियाचं नाव स्पष्ट आहे, पण घराघरांत अजून 'ढ' हाच शब्द चालतो.

निदान तज्ज्ञांनीच करायचं. घरी मात्र पाढ्यांची वही जरा मिटून ठेवता येते. फरशीवर चिंचोक्यांचे दोन ढीग करायचे, एक सहाचा, एक नऊचा, आणि विचारायचं, 'बाळा, जास्त कुठले?' तो बोटाने एकेक चिंचोका सरकवू लागला, तर सरकवू द्यायचं.