वशिला नव्हे, ओळख

केडगावातील एका शाळेत अकरावीच्या मुलांना आम्ही एक सोपा प्रश्न विचारला, "तुमच्या नळाला पाणी कोठून येते?" उत्तर लगेच आले, "टाकीतून." टाकीत कोठून येते? "मुळा धरणातून." बरे, वापरून झाल्यावर ते कोठे जाते? येथे वर्ग थोडा शांत झाला. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणाले, "गटारीत." आणि गटारीतून?

हे केडगाव म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराला लागून असलेले, पुणे रस्त्यावरचे, रेणुकामातेच्या देवळाचे. दौंड तालुक्यातले पंडिता रमाबाईंचे केडगाव वेगळे. तर या केडगावच्या पाण्याचा प्रवास मोठा मजेचा आहे. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरजवळ अडवलेले मुळा नदीचे पाणी मुळानगर आणि विळद येथील पंपांनी उचलून नगरकडे आणले जाते. मुळा प्रवरेला मिळते आणि प्रवरा गोदावरीला. वापरलेले पाणी मात्र उताराने सीना नदीकडे जाते. सीना भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. म्हणजे केडगावकर गोदावरीचे पाणी पितात आणि कृष्णेच्या खोऱ्यात सोडतात!

आता या एका पेलाभर पाण्याशी कोणाकोणाचा संबंध आला ते मोजू या. धरण जलसंपदा विभागाचे. पंपांची वीज वीज कंपनीची. शुद्धीकरण, टाक्या आणि नळ महानगरपालिकेचे. सांडपाण्यावर लक्ष ठेवायचे प्रदूषण नियंत्रण मंडळाने. घरामागच्या बोअरच्या पाण्याचा अभ्यास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे. तेच पाणी शेताला दिले की कृषी विभाग आला. पाणी एकच, पण त्याची माहिती निरनिराळ्या टेबलांवर विखुरलेली. पाणी काही खात्यांच्या हद्दी पाळत नाही. माणसे मात्र पाळतात. पाण्याच्या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्या मुलामुलींची पहिली अडचण येथेच सुरू होते.

फुगणारी विहीर

आम्ही संशोधनाला नुकती सुरुवात केली होती तेव्हाची गोष्ट. एका लहान गावात आम्ही विहिरींच्या पातळ्या मोजत होतो. फेब्रुवारी महिना, पावसाचा थेंब नाही. सगळ्या विहिरी हळूहळू उतरत होत्या. एक विहीर मात्र दर चार दिवसांनी वीतभर वर येई आणि पुन्हा उतरे. आधी आम्हाला आमच्या मोजपट्टीची शंका आली. मग खडकाची. बेसाल्टच्या भेगांवर आम्ही बरेच वाचन केले, मार्गदर्शकांशी चर्चा केली, आलेख काढले. उत्तर मिळेना.

उत्तर मिळाले चहाच्या टपरीवर. गावाचे पाणी सोडणारे व्हॉल्व्हमन काका शेजारी बसले होते. आमची वही पाहून ते म्हणाले, "या तारखांना तर मी वरच्या आळीला पाणी सोडतो." विहिरीजवळून जाणाऱ्या जुन्या नळाचा सांधा गळत होता. आमचे सारे शिक्षण एका बाजूला आणि काकांचे ते एक वाक्य एका बाजूला!

ही गोष्ट सांगायचे कारण म्हणजे, आमच्या मार्गदर्शकांना आणि आम्हाला जे ठाऊक होते ते जवळजवळ सारखेच होते. एकाच भेगेवर खोदलेल्या दोन विहिरी सारखीच गोष्ट सांगतात, तसे हे होते. नवी माहिती मिळाली ती दुसऱ्या भेगेवरच्या माणसाकडून.

दूरच्या ओळखीचे बळ

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एका निबंधात हाच विचार मांडला. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरात ज्यांना ओळखीतून नवी नोकरी मिळाली होती त्यांना त्यांनी विचारले, "ही ओळखीची व्यक्ती तुम्हाला किती वेळा भेटते?" नेहमी, म्हणजे आठवड्यातून निदान दोनदा भेटणारी, असे उत्तर जेमतेम १७ टक्के लोकांनी दिले. बाकीच्यांच्या बाबतीत ती व्यक्ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारी होती. जिवलग मित्रांना आपल्यासारखीच माहिती असते. दूरच्या ओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळातील बातमी आणतो. २०२२ मध्ये लिंक्डइनवरील २ कोटींहून अधिक लोकांच्या पाच वर्षांच्या माहितीवरून हा विचार पुन्हा तपासला गेला. फार जवळचीही नाही आणि अगदी पुसटही नाही, अशी मधली ओळख सर्वांत उपयोगी पडते, असे दिसले. मात्र संगणकाचा वापर कमी असलेल्या उद्योगांत घट्ट संबंधांचेही महत्त्व आढळले. म्हणजे दोन्ही हवेत.

येथे शिक्षकांच्या मनात एक शंका येईल. ओळखीने काम करून घ्यायला मुलांना शिकवायचे? हा तर वशिला झाला! शंका रास्त आहे, म्हणून दोन शब्दांतला फरक नीट पाहू. वशिल्यात माणसाचे काम झाकले जाते आणि नाते पुढे केले जाते. ओळखीत काम पुढे असते. नाते त्यातून मागाहून जमते. वशिला एकाचा लाभ करून दुसऱ्याची संधी घेतो. ओळखीतून मिळालेले ज्ञान दोघांकडेही राहते.

आणखी एक गोष्ट. ज्यांच्या घरात इंजिनिअर किंवा प्राध्यापक आहेत, त्या मुलांना ओळखी आपोआप मिळतात. ज्या घरातून पहिलेच मूल कॉलेजात जाते त्याला पदवी मिळते, पण पुढे कोणाला विचारायचे हे कळत नाही. मुलींना तर "साइटवर मुलींचे काय काम?" हे अजूनही ऐकावे लागते. शाळेने ओळखीची वाट दाखवली नाही, तर ती वाट ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांच्याकडेच राहील. वशिल्याला खरा उतारा हाच, की ओळख सर्वांच्या आवाक्यात आणावी.

ओळखपत्र म्हणजे एक वही

पण शाळकरी मुलाजवळ पुढे करण्यासारखे काम कोणते? एक विहीर आणि एक वही पुरे.

कठडा असलेली विहीर निवडा. मालकाची परवानगी घ्या. मोजताना शिक्षक जवळ हवेतच आणि कठड्यावर कोणी वाकायचे नाही. वजन बांधलेल्या मोजपट्टीच्या शेवटच्या मीटरभर भागाला खडू फासून ती पाण्यात थोडी बुडेपर्यंत सोडा. काठावरील आकड्यातून ओला झालेला भाग आणि कठड्याची उंची वजा केली, की जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली मिळते. महिन्यातून दोनदा, पंप काही तास बंद असताना मोजा. शेजारी त्या दिवसांतला पाऊस लिहा.

समजा, मेअखेर पाणी ८ मीटर खोल होते आणि ऑक्टोबरात ५ मीटरवर आले. पातळी ३ मीटर चढली. याचा अर्थ ३ मीटर उंचीचे पाणी जमिनीत मुरले असा नाही. आपल्या झिजलेल्या बेसाल्टमध्ये पाणी साठवून परत देणारी पोकळी थोडी असते; हिशेबासाठी ती साधारण २ टक्के धरतात. ३ मीटरचे २ टक्के म्हणजे ०.०६ मीटर, अर्थात ६० मिलिमीटर. एका हेक्टरवर हे ६ लाख लिटर झाले. त्या पावसाळ्यात ५५० मिलिमीटर पाऊस पडला असेल, तर साठ्यात भर पडली सुमारे ११ टक्क्यांची. बाकीचे पाणी कोठे गेले? हवेत, पिकात, ओढ्यात. आणि हंगामात बोअर चालूच होते, त्याचा हिशेब? पातळी वाढली ती पावसाने की गळक्या नळाने? पाहा, एका वहीतून किती प्रश्न निघाले, आणि प्रत्येक प्रश्न वेगळ्या माणसाकडे नेणारा आहे!

नगर तालुक्यातच या हिशेबाची मोठी शाळा आहे. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर हिवरे बाजारने पाणलोटाची कामे केली आणि पुढे दरवर्षी पावसाच्या नोंदीवरून पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची पद्धत पाडली. ग्रामसभेत ताळेबंद मांडतात म्हणजे काय, हे मुलांनी तेथे जाऊन पाहावे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी जवळच आहे. या जिल्ह्यातच सुरुवातीचे काम केलेली, १९९३ मध्ये स्थापन झालेली 'वॉटर' ही पाणलोट विकासाची संस्था आज अनेक राज्यांत काम करते.

कोणाला भेटावे, काय विचारावे?

जवळच्यापासून सुरुवात करावी. पहिल्या वर्तुळात व्हॉल्व्हमन, पंपचालक, बोअर घेणारे, विहीर खोदणारे आणि पाणी तपासणाऱ्या महिला. जल जीवन मिशनमध्ये (२०१९ पासून) प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. शेजारच्या गावातील अशा एखाद्या ताईंना वर्गात बोलवा. पाण्याच्या कामात मुलींना जागा आहे, हे भाषणाने पटवून द्यावे लागणार नाही.

दुसरे वर्तुळ जिल्ह्याचे. भूजल यंत्रणेचे भूवैज्ञानिक निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वर्षानुवर्षे नोंदवतात. तुमच्या वहीची तुलना त्यांच्या आकड्यांशी करता येते. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे आणि तेथे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे.

तिसरे वर्तुळ राज्याचे. खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र (१९१६), नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था (१९५९), छत्रपती संभाजीनगरची जल व भूमी व्यवस्थापन संस्था (१९८०), भूजलाचे प्रशिक्षण देणारी पुण्याची 'अ‍ॅक्वाडॅम' (१९९८). महाराष्ट्र सिंचन सहयोगाच्या परिषदांत शेतकरी, अभियंते आणि प्राध्यापक एका मांडवात बसतात. पदवीच्या विद्यार्थ्याने अशा एखाद्या परिषदेत नुसते ऐकायला गेले तरी चालेल. त्यापलीकडे जग आहेच. १९९९ मध्ये दोन जुन्या संघटना एकत्र येऊन बनलेल्या आंतरराष्ट्रीय जल संघटनेने पस्तिशीच्या आतील तरुणांसाठी वेगळे व्यासपीठ ठेवले आहे. क्षेत्र जुने आणि अनुभवी माणसे निवृत्त होत जाणारी. त्यांच्या डोक्यातील माहिती पुढच्या पिढीकडे जायची तर भेटी घडवाव्या लागतात, हे तेथेही ओळखले गेले.

भेटीआधी पत्र लिहावे. "मला पाणी या विषयाची माहिती द्यावी," असे पत्र बाजूला पडते. त्याऐवजी असे लिहावे: "आमच्या शाळेजवळच्या विहिरीची पातळी मेअखेर ८ मीटर व ऑक्टोबरात ५ मीटर होती. नोंदी सोबत जोडल्या आहेत. आपल्या निरीक्षण विहिरींतही एवढाच फरक दिसतो का? अर्धा तास भेटता येईल का?" एक काम, एक प्रश्न, थोडा वेळ. अशा पत्रांना सगळीच उत्तरे येत नाहीत, हेही मुलांना आधी सांगावे. पंधरा दिवसांनी एकदा आठवण करावी आणि मग दुसऱ्याला लिहावे.

भेटीनंतरची पायरी बहुतेक जण विसरतात. मिळालेल्या माहितीचे पुढे काय केले, ते चार ओळींत कळवावे. आमच्याकडे दरवर्षी अनेक विद्यार्थी येतात. "तुम्ही सुचवल्याप्रमाणे पुन्हा मोजले, आकडा असा आला," असे कळवणारे थोडेच. कोठे उन्हाळी प्रशिक्षणाची जागा निघाली, की आम्हाला पहिली नावे त्यांचीच आठवतात. यात वशिला कोणता? त्यांचे काम आम्ही पाहिलेले असते.

शिक्षकांनी करायची गोष्ट लहानच आहे. वर्गाची एक वही ठेवावी. एका बाजूला विहिरीच्या नोंदी. दुसऱ्या बाजूला कोणाला भेटलो, काय कळले आणि त्यांनी पुढे कोणाचे नाव सुचवले. मुले पुढच्या वर्गात जातील, वही मात्र शाळेत राहील. पाच वर्षांनी नव्या मुलांच्या हाती विहिरीचा आलेख असेल आणि माणसांची यादीही. पाण्याच्या क्षेत्रात शिरलेले माजी विद्यार्थी त्याच यादीत येऊन बसतील.

सुरुवात येत्या शनिवारी करता येईल. जवळच्या विहिरीच्या मालकाकडे परवानगी मागायला तुम्ही स्वतः जाऊ नका. वर्गातल्या सगळ्यांत लाजऱ्या मुलाला किंवा मुलीला जोडीदार देऊन पाठवा. नमस्कार करून, आपण कोण आणि काय मोजणार आहोत, हे तिने स्वतःच्या शब्दांत सांगावे. पाण्यातली तिची पहिली ओळख तेथेच होईल.