घरी बांधायच्या विमानाची निवड
अमेरिकेत हौशी व्यक्तींनी निम्म्याहून अधिक काम स्वतः केलेल्या विमानाला ‘प्रायोगिक’ प्रवर्गात मान्यता मिळते. मात्र आराखडा निवडताना कमाल वेगापेक्षा आपले उड्डाण प्रत्यक्षात कसे असणार, हेच आधी ठरवावे लागते. बर्ट रुटान यांचे, १९७९ मध्ये प्रथम उडालेले ‘लाँग-ईझी’, ज्यात मुख्य पंखापुढे ‘कनार्ड’ नावाचा छोटा पंख असतो, अल्प इंधनात दूरवर जाते, पण त्याला लांब, पक्की धावपट्टी लागते. उलट ‘झेनिथ सीएच ७०१’च्या पंखाच्या पुढच्या कडेवर बसवलेले स्लॅट, म्हणजे मागे फट ठेवणाऱ्या पट्ट्या, नाक बरेच वर असतानाही हवेचा प्रवाह पंखाला धरून ठेवतात, त्यामुळे ते आखूड कुरणावरूनही उठते, प्रवासात मात्र मंद पडते. ‘आरव्ही-७’ आणि ‘आरव्ही-९’ दिसायला जवळपास सारखी असली, तरी हवाई कसरतींसाठी पहिलेच योग्य आहे.