डाऊनलोड केलेली फाइल फोनमध्ये नेमकी जाते कुठे?

परीक्षेचे प्रवेशपत्र, सातबारा उतारा, विम्याची पॉलिसी किंवा विजेचे देयक, असे अनेक दस्तऐवज आता थेट स्मार्टफोनवर उपलब्ध होतात. मात्र परीक्षा केंद्राच्या दारात किंवा बँकेच्या खिडकीसमोर उभे असताना नेमकी तीच फाइल सापडत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. अशा वेळी फाइल बहुधा नष्ट झालेली नसते. ती कोणत्या ॲपमधून आली, हे लक्षात न राहिल्याने तिचा शोध चुकीच्या जागी घेतला जातो.

फाइल पाहणे आणि ती जतन करणे या दोन भिन्न क्रिया आहेत, ही बाब सर्वप्रथम ध्यानात घ्यावी लागते. जीमेलमध्ये आलेल्या पत्रासोबतच्या फाइलवर बोट ठेवले की ती उघडते, परंतु तेवढ्याने ती फोनच्या डाऊनलोड फोल्डरमध्ये जात नाही. त्यासाठी खाली निर्देश करणाऱ्या बाणाचे चिन्ह दाबणे आवश्यक असते. एरवी इंटरनेट नसलेल्या ठिकाणी ती फाइल उघडेलच, अशी खात्री देता येत नाही.

अँड्रॉइड फोनमध्ये क्रोम ब्राउझरद्वारे घेतलेल्या फाइली सर्वसाधारणपणे अंतर्गत साठवणुकीतील ‘डाऊनलोड’ फोल्डरमध्ये जातात. क्रोममधील तीन ठिपक्यांच्या मेनूतून ‘डाऊनलोड्स’ निवडल्यास त्यांची यादी दिसते. संपूर्ण फोनमधील फाइली पाहण्यासाठी गूगलचे ‘फाइल्स’ हे ॲप वापरता येते. काही कंपन्यांच्या फोनमध्ये याच कामासाठी ‘माय फाइल्स’ किंवा ‘फाइल मॅनेजर’ या नावाचे ॲप असते.

व्हॉट्सॲपवर आलेले दस्तऐवज मात्र डाऊनलोड फोल्डरमध्ये नसतात. ते व्हॉट्सॲपच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये, ‘व्हॉट्सॲप डॉक्युमेंट्स’ या विभागात साठवले जातात. ॲप काढून टाकल्यास त्याच्या स्वतःच्या फोल्डरमधील फाइलीही जाऊ शकतात. त्यामुळे महत्त्वाच्या दस्तऐवजाची प्रत अन्यत्र ठेवणे हिताचे ठरते.

आयफोनमध्ये ‘फाइल्स’ हे ॲप २०१७ साली आयओएस ११ या आवृत्तीपासून उपलब्ध झाले, तर सफारी ब्राउझरमध्ये डाऊनलोडची सुविधा २०१९ साली आयओएस १३ सोबत आली. सफारीतून घेतलेली फाइल आयक्लाउड ड्राइव्हमधील किंवा प्रत्यक्ष फोनमधील ‘डाऊनलोड्स’ फोल्डरमध्ये असते. यांपैकी कोणती जागा वापरायची, हे सेटिंग्जमध्ये ठरवता येते.

फाइल न सापडण्याचे आणखी एक कारण म्हणजे तिचे नाव. संकेतस्थळांवरून येणाऱ्या फाइलींची नावे बहुधा आकड्यांची आणि अर्थबोध न होणारी असतात. शिवाय तीच फाइल पुन्हा घेतल्यास नावापुढे कंसात क्रमांक जोडून दुसरी प्रत तयार होते. फाइल मिळताच तिला ‘प्रवेशपत्र’ किंवा ‘वीज देयक’ असे ओळखता येण्याजोगे नाव देऊन स्वतंत्र फोल्डरमध्ये हलवावे. त्यानंतर शोधपट्टीत तो शब्द लिहिला की फाइल समोर येते.

साठवणुकीची जागा अपुरी पडू लागल्यास प्रथम मोठ्या चित्रफिती आणि दुबार प्रती काढून टाकाव्यात. क्रोमच्या यादीतून फाइल हटवल्यास केवळ नोंद नव्हे, तर मूळ फाइलही जाते, याची जाणीव ठेवावी. गूगलच्या ‘फाइल्स’ ॲपमध्ये ‘ट्रॅश’मध्ये टाकलेल्या फाइली ३० दिवस राहतात. आयफोनच्या ‘फाइल्स’मध्येही अलीकडे हटवलेल्या फाइली तेवढ्याच मुदतीत परत मिळवता येतात.

डाऊनलोड केलेल्या प्रत्येक फाइलवर विश्वास ठेवणे धोक्याचे ठरू शकते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असलेली फाइल हा दस्तऐवज नसून अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाइल असते. लग्नाची निमंत्रणपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती असल्याचे भासवून अशा फाइली पाठवल्या जातात आणि त्यांद्वारे बँक खात्यातील रक्कम लुबाडली जाते. ओळखीच्या क्रमांकावरून आलेली असली, तरी अशी फाइल उघडू नये. फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

ई-आधारच्या बाबतीत अधिक दक्षता आवश्यक आहे. या फाइलीचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष असल्याने परिचिताला तो सहज ओळखता येतो. सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या फोनवर ही फाइल घेतली असल्यास काम होताच ती डाऊनलोड फोल्डरमधून आणि ‘ट्रॅश’मधूनही काढून टाकावी.

फोन हरवला किंवा बिघडला, तर त्यातील फाइलीही हातच्या जातात. म्हणूनच महत्त्वाचे दस्तऐवज केवळ फोनवर ठेवू नयेत. केंद्र सरकारची डिजिलॉकर सेवा २०१५ पासून कार्यरत असून, संबंधित यंत्रणेने तेथे जारी केलेल्या दस्तऐवजांना मूळ प्रतीइतकीच कायदेशीर मान्यता आहे. नागरिकांनी स्वतः चढवलेल्या प्रतींना मात्र हा दर्जा लागू होत नाही. परीक्षा किंवा प्रवास असल्यास आदल्या दिवशीच इंटरनेट बंद करून फाइल उघडून पाहावी. ती उघडली, तर ती खरोखरच फोनमध्ये आहे, याची खात्री पटते.